पट्ट्यांचा पीळ काढू नका

बाबा,

आपल्या अबोल्याचा आज तिसरा दिवस, म्हणून हे कागदावर लिहिते आहे. मी कामावर निघाले. तुम्ही आणि आई अकराला निघाल, तेव्हा आपला घडीच्या तंबूचा कॅम्पर गाडीच्या मागे जोडलेला असेल. त्याची घडी घालून वर कव्हर मी स्वतः ताणून बसवलं आहे. पुढची कड आधी आवळली, कारण वाऱ्याला तिथली एवढीशी फट पुरते. मग कापडाचं शीड व्हायला वेळ लागत नाही. वरून तीन रुंद पट्टे आडवे टाकले आहेत.

प्रत्येक पट्ट्याला मी मुद्दाम एक पीळ दिला आहे. सपाट पट्टा वाऱ्यात थरथरतो आणि थरथरून सैल होतो. पिळलेला गप्प राहतो. तुमच्या नीटनेटक्या हातांना तो खुपेल, तरी कृपया सरळ करू नका. दहा किलोमीटरवर थांबून ताण तेवढा तपासा. बाकी माझी बांधणी सुटणार नाही.

मागच्या वेळी उडालेलं कव्हर मागून येणाऱ्या एका मोटरसायकलवाल्याच्या अंगावर गेलं. त्याने तोल सावरला म्हणून वाचला, आणि दोष माझ्या बांधणीला मिळाला. आई म्हणते, "सुंभ जळेल, पण तुम्हा बापलेकीचा पीळ काही जळायचा नाही."

आज सकाळी अंगणात मी न राहवून विचारलं, "बाबा, त्या दिवशी निघताना पट्टे तुम्ही सरळ केले होते ना?"

तुमची बोटं तेव्हा पहिल्या पट्ट्यावर होती. ती तुम्ही हळूच उचललीत आणि आत निघून गेलात.