बापूजींना कळता कामा नये

८ एप्रिल १९७९, रविवार

दाराच्या फटीत ओला टॉवेल कोंबला, खिडकी लावली, कडी घातली — झाली ह्यांच्या पूजेची तयारी! वय एकोणचाळीस. ऑफिसात हेडक्लार्क, हाताखाली सहा माणसं. पण सिगरेट ओढायची तर चोरासारखी, बायको-पोरीसकट कोंडून घेऊन. काहून? तर बाहेर वऱ्हांड्यात बापूजी बसले आहेत. वडिलांसमोर ओढायची नसते. संस्कार आहेत हो!

आणि माझे सासरे काही साधेसुधे वडील नाहीत. रिटायर्ड हेडमास्तर, आमच्या नागपुरातल्या सक्करदऱ्याच्या व्यसनमुक्ती मंडळाचे अध्यक्ष. दर गुरुवारी मारुतीच्या देवळात त्यांचं भाषण असतं — "तंबाखू हा घरात शिरलेला साप आहे!" तो साप माझ्या खोलीत पलंगावर पाय पसरून बसतो आणि गोपीच्या दुधाच्या डब्याच्या झाकणात राख झाडतो. अध्यक्षांना पत्ता नाही.

"बापूजीले कळता कामा नये, सुभद्रा." लग्नाच्या दुसऱ्या दिवशी हे म्हणाले होते. दहा वर्षं झाली, मी पाळते आहे. मंगळसूत्र तरी आंघोळीला बाजूला ठेवते कधी कधी.

गोपी आज पुन्हा खोकली. पाच वर्षांची पोर, खोकते म्हाताऱ्यासारखी.

११ एप्रिल

वास झाकायला रोज दोनदा धूप जाळते मी. हे खोलीतून बाहेर पडले की मी धुपाटणं घेऊन आत. निखारे, ऊद, फुंकर. धुरावर धूर! ह्यांच्या हातावर बडीशेप ठेवायची, शर्ट बदलायला द्यायचा, मग स्वारी वऱ्हांड्यात जाऊन वडिलांना पेपर वाचून दाखवणार.

शेजारच्या रुख्मिणीबाई कुंपणावरून म्हणाल्या, "तुह्यासारखी भक्ती नाई पाह्यली वं माय! दोन्ही टाइम धूप!" मोहल्ल्यात नाव झालं आहे माझं. आता कोणी नवस बोलायला आलं नाही म्हणजे मिळवली.

घशात खवखव आहे. मीठ-पाण्याच्या गुळण्या केल्या. माझं काय एवढं.

१२ एप्रिल, गुरुवार

बापूजींचं भाषण. हे पहिल्या रांगेत, मान डोलावत. पाकीट खिशात.

१९ एप्रिल

शाळेतून बाईंनी निरोप पाठवला, घेऊन जा म्हणून. लंगडी खेळताना गोपी मधेच खाली बसली, ओठ निळसर झाले. मी गेले तर भिंतीला टेकून बसली होती, खांदे वर-खाली. श्वास घेताना शिट्टी वाजते.

"आई, माह्या छातीत मांजर बसली हाय," म्हणाली. "घुरघुर करते."

घरी आणलं, गरम पाणी पाजलं, पाठ चोळली. ऑफिसातून आल्यावर ह्यांना सांगितलं. चेहरा पडला. पोरीवर जीव आहे, नाही असं नाही. अर्धा तास तिला मांडीवर घेऊन बसले, डोक्यावरून हात फिरवत राहिले. मग मला म्हणाले, "टॉवेल कुठं हाय?"

२१ एप्रिल

डॉक्टरकडे गेलो. बापूजीही आले. नातीवर त्यांचा फार जीव. तिची चप्पल स्वतः घालून देतात.

डॉक्टरांनी छाती तपासली आणि सरळ विचारलं, "घरात कोणी विडी-सिगरेट ओढतं?"

बापूजी ताठ झाले. "आमच्या घरी? डॉक्टर, मी मंडळाचा अध्यक्ष आहे!"

हे भिंतीवरचं कॅलेंडर बघायला लागले. एवढं एकाग्र होऊन ह्यांनी परीक्षेतला पेपर वाचला असता तर आज कलेक्टर असते. आणि मी? मी वाकून गोपीच्या फ्रॉकचा पट्टा बांधत बसले. बांधलेलाच होता. सासऱ्यांसमोर नवऱ्याला उघडं पाडायचं कसं? लाज वाटते लिहिताना.

मग डॉक्टर म्हणाले, चूल, धूळ, धूप असं काही? बापूजी लगेच — "धूप! आमची सून फार धार्मिक आहे."

झालं! निदान पक्कं. पोरीच्या दम्याला आईची भक्ती कारणीभूत. घरी येईपर्यंत बापूजी मला समजावत होते, देव मनात असतो, धुरात नसतो. हे मागून मान खाली घालून चालत होते.

२३ एप्रिल

धूप बंद. सिगरेट चालू. हे काळजीत — "आता वास कसा झाकायचा वं?" मी म्हटलं, तुम्हीच सुचवा, तुम्ही हेडक्लार्क. तर म्हणतात, कापूर लावून पाहा!

मी झाकण उचललं आणि राख ह्यांच्या धुतलेल्या शर्टाच्या खिशात ओतली. नंतर मलाच तो शर्ट पुन्हा धुवावा लागला.

३० एप्रिल

मी गोपीला जवळ घेऊन बसले होते, ह्यांना तिच्या छातीला कान लावायला सांगितलं. ऐकलं. ह्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "उद्यापासून बंद. गोपीची शपथ."

१ मे

महाराष्ट्र दिन. सगळ्यांना सुट्टी, सिगरेट सोडून.

६ मे, रविवार

सकाळी गोपीला इतका दम लागला की तिला बोलता येईना. डॉक्टरांनी सुई दिली तेव्हा कुठे मोकळी झाली. हवा बदला म्हणाले, ही हवा पोरीला मानवत नाही.

बापूजींनी निर्णय दिला. गोपीला कळमेश्वरला मामाकडे पाठवायचं. गोविंदादादाचा मळा आहे, मोकळी हवा आहे. जूनपासून शाळाही तिकडेच. हे म्हणाले, "हो, तिचं भलं हाय त्यात."

घरातून कोणाला काढायचं, धुराला की पोरीला? पोरगी हलकी, उचलून ठेवायला सोपी! मी स्वयंपाकघरात जाऊन कणीक मळत बसले. दोन वेळची मळून झाली तरी हात थांबेनात.

१० मे

तिच्या फ्रॉकांची घडी घालत होते. गोपी पिशवीशेजारी येऊन बसली. "आई, मी काय केलं? मले काहून पाठवून राह्यले?"

काय सांगू? तुझे बाबा तुझ्या आजोबांना भितात म्हणून?

१३ मे, रविवार

सांगितलं! अखेर सांगितलं.

दुपारी बापलेक जेवायला बसले. वरण-भात वाढला, तूप वाढलं, आणि बापूजींच्या ताटाशेजारी सिगरेटचं पाकीट ठेवलं. त्याच्या शेजारी ते झाकण, थोटकांसकट. म्हटलं, "बापूजी, धुपानं नाही. गोपीला ह्यानं होतं. दहा वर्षं आमच्या खोलीत हेच चालतं, दार लावून."

ह्यांचा घास हातात राहिला. मला वाटलं, आता बापूजी ताट भिरकावतात, नाहीतर चक्कर येऊन पडतात. त्यांनी डाव्या हाताने पाकीट बाजूला सारलं, वरणातला कढीपत्ता सारावा तसं.

"मले माहीत हाय," म्हणाले. "मधू मॅट्रिकले होता तवापासून."

माझा माझ्या कानांवर विश्वास बसेना. "मग बोलले काहून नाही?"

"तो लपवत होता ना, सुभद्रा. म्हणजे मले मान देत होता. मान देणाऱ्या पोराले उघडं कसं पाडू?"

वा! बापाला माहीत. बापाला माहीत आहे हे पोराला माहीत नाही. दोघं वीस-बावीस वर्षं एकमेकांची अब्रू झाकत बसले आणि त्या दोघांच्या मधे, बंद खोलीत, मी आणि माझी पोरगी!

"डॉक्टरांनी विचारलं तेव्हाही माहीत होतं?" मी आवाज चढवला. सासऱ्यांसमोर आयुष्यात पहिल्यांदा. "माझ्या धुपाचं नाव घेतलं तेव्हाही?"

त्यांनी भातातला हात काढून घेतला. मग म्हणाले, "होतं." ताट तसंच ठेवून उठले, हात धुतले आणि वऱ्हांड्यात जाऊन बसले. पाठ माझ्याकडे होती, पण खांदे हलताना दिसले. मला दया यायला हवी होती. आली नाही. एवढा राग मला कधीच आला नव्हता.

१४ मे

गोपीचं जाणं रद्द! बापूजींनी कायदा केला — "घरात नाही. माह्यासमोर नाही. मांगच्या गल्लीत जाय." ह्यांनी मान डोलावली. चेहऱ्यावर असा आनंद, पोटातला दगड पडल्यासारखा. आता ना टॉवेल, ना बडीशेप.

आणि बापूजींनी स्वतःच्या खोलीतला कूलर काढून आमच्या खोलीत, गोपी झोपते तिथल्या खिडकीला लावला. नवा वाळा घातला, आपल्या हाताने टाकीत पाणी भरलं. स्वतः उन्हाच्या झळा सोसत वऱ्हांड्यात पंखा हलवत बसतात. प्रायश्चित्त असेल. मी काही म्हटलं नाही, पण संध्याकाळी त्यांना पन्हं नेऊन दिलं.

१८ मे

काय करावं काही समजत नाही. घरात धूर नाही तरी गोपीची शिट्टी वाढली आहे! दुपारभर गार हवेत झोपते आणि उठते ती धापा टाकत. वाळा कुजला असेल म्हणून धुऊन वाळवला. दही बंद. कापसाची गादी काढून सतरंजी घातली. बापूजी म्हणतात, वाळ्याचा वास सहन होत नसेल. मीही दोन बादल्या पाणी उचललं की ठसकते आहे, उन्हाळाच वाईट ह्या वर्षी.

२० मे, रविवार

सापडलं!

दुपारी कूलरचं पाणी संपलं. बादली घेऊन मागच्या गल्लीत गेले. बाहेर नागपूरचा मे, चपलेतून चटका बसतो. त्या गल्लीत गार जागा एकच, कूलरच्या पाठीशी, ओल्या वाळ्याला लागून. आणि तिथे दोन विटांवर बसून, पाठ वाळ्याला टेकून, डोळे मिटून आमचे हे! सिगरेट तोंडात. धूर सोडला की तो इकडे नाही, तिकडे नाही, सरळ वाळ्यात शिरतो. आत पंखा. पंख्यासमोर सतरंजी. सतरंजीवर माझी गोपी.

बादली हातातून सुटली. ह्यांच्या पायांवर पाणी सांडलं तसे डोळे उघडले. म्हणतात, "काय झालं? बाहेरच तं ओढून राह्यलो!"

खरंच की हो! बाहेरच. कायदा मोडला नाही. कूलर हवा कुठून ओढतो हे हेडक्लार्कला कोणी लेखी कळवलं नव्हतं. मी ओरडले, रडले, रुख्मिणीबाई कुंपणाशी आल्या तरी थांबले नाही. ते उठले, कूलरकडे बघितलं, खिडकीतून आत बघितलं. मग खाली विटांवर बसले आणि तोंड झाकून घेतलं. हातातली सिगरेट मात्र विझवली नव्हती.

२१ मे

पिशव्या भरल्या. दोन. एक गोपीची, एक माझी.

बापूजी म्हणाले, "तू कायले जातं? पोरगी राहीन मामाकडे."

ह्यांच्याकडे बघून म्हटलं, "सिगरेट सुटेपर्यंत आम्ही दोघी तिकडे. सुटली की न्यायला या. शपथ नको, नुसतं या."

बस स्टँडवर बापूजी पिशवी धरून, हे गोपीला कडेवर घेऊन. सवयीने ह्यांनी खिशातून पाकीट काढलं, बापूजींकडे नजर गेली, परत ठेवलं. ती शरम अजून शाबूत आहे. पोरीसाठी थोडी ठेवली असती तर!

जाताना धुपाटणं रुख्मिणीबाईंना देऊन आले.

२७ मे, रविवार. कळमेश्वर

गोपी आज मळ्यातल्या विहिरीपर्यंत धावत गेली आणि धावत परत आली. शिट्टी नाही, काही नाही. "आई, आता तू!" म्हणाली.

मी धावले. अर्ध्यातच बांधावर बसले, डोळ्यांपुढे अंधारी. गोपीने माझ्या छातीला कान लावला, ऐकलं, आणि म्हणाली, "आई, माही मांजर तुह्यात आली वं."