अकरा जणांचा एकच फोन

३ मार्च
आजपासून खात्यातला गाढवपणा बंद. परदेशात खोट्या नावाने राहणाऱ्या आपल्या अकरा हेरांची ओळख लपवणं हे माझ्या टेबलाचं काम. आणि साहेब मला कारकून म्हणतात! तेही शिपायासमोर.
माझ्या आधीच्या मूर्खाने अकरा जणांना अकरा खोट्या कंपन्या, अकरा पत्ते, अकरा फोन देऊन ठेवलेत. फायली शोधताना जीव जातो. मी सगळ्यांना एकाच पत्त्यावर, एकाच फोनवर आणणार. फोन माझ्या टेबलावर. साहेब तोंडात बोट घालतील.

५ मार्च
हाताखालच्या बाई (नोकरी दोन वर्षांची, आव वीस वर्षांचा) म्हणाल्या, सर, एक सापडला की अकराही सापडतील. म्हटलं, सापडेलच कशाला? त्यांनी लेखी हरकत दिली. ड्रॉवरमध्ये टाकली. जळतात, दुसरं काय!

११ मार्च, सकाळी
पहिला फोन! एका परक्या बंदरात आपला माणूस पंप मेकॅनिक म्हणून राहतो, त्याची चौकशी. आमचाच माणूस, म्हटलं, एक नंबर कारागीर. गृहस्थ फार अदबीने बोलले. इथल्या रानटी लोकांनी शिकावं.

१२ मार्च
तेच गृहस्थ. आज गालिचेवाल्याबद्दल. म्हटलं, तेही आमचेच. मग चष्म्याच्या काचा विकणारा? तेही! आमच्याकडे सगळं एका छपराखाली. गृहस्थ खूश.
ऑफिसच्या गुप्त गोष्टी मी घरी सांगत नाही. फक्त एवढीच सांगितली. बायकोने विचारलं, त्यांचं नाव काय? विचारायचं राहिलं. तिचं अख्खं माहेरच संशयी.

१४ मार्च
दहा जणांना तातडीने परत बोलावलं. पंपवाला पकडला गेला. साहेबांनी मला बसायलाही सांगितलं नाही. मी शांतपणे दाखवून दिलं की अकरापैकी दहा सुखरूप, म्हणजे नव्वद टक्क्यांच्या वर यश. त्यांनी फाइल भिंतीवर फेकली. संस्कार नाहीत.

२१ मार्च
सात पानी खुलासा दिला. मूळ दोष फायलींची कपाटं लहान करणाऱ्या सुताराचा.

६ एप्रिल
पंपवाला कैद्यांच्या अदलाबदलीत सुटून आला. त्याला आज पहिल्यांदाच पाहिलं. दोन बोटं प्लास्टरमध्ये. सही डाव्या हाताने केली.
तो काही बोलायच्या आत मीच सांगून टाकलं, तुमचं खरं नाव मी कुणालाही सांगितलेलं नाही.
तो म्हणाला, "खरं नाव कुणी विचारलंच नाही. त्यांना पंपवालाच हवा होता."
मग म्हणाला, "ज्या म्हाताऱ्याच्या वर्कशॉपमध्ये मी कामाला होतो, तो अजून आत आहे. त्याला वाटतंय काहीतरी चूक झालीय. मला मारत होते तेव्हा सारखा ओरडत होता, पोरगा चांगला आहे, सोडा त्याला."
मी चहा विचारला. नको म्हणाला. गेला.
बाईंना विचारलं, अशा म्हाताऱ्यासाठी आपल्याकडे एखादा फॉर्म आहे का?
नाही म्हणाल्या.