डोकं तुटलेलं पाखरू

१२ फेब्रुवारी १६३८, लंडन

संपलं एकदाचं! बिशपांविरुद्धच्या चोपड्याच्या सहाशे प्रती आज मेणबत्तीवाल्याच्या गाडीतून, चरबीच्या पिंपांखाली दडून गेल्या. ना लिहिणाऱ्याचं नाव, ना छापणाऱ्याचं. ‘ॲमस्टरडॅम येथे छापले’ असं खुशाल ठोकून दिलंय. मी उभ्या जन्मात ॲमस्टरडॅम पाहिलेलं नाही.

खांदे भरून आलेत. मी अक्षरांचे खिळे जुळवायचे आणि आमच्या जुन्या कामगारानं, ओबेडनं, छापायच्या यंत्राचा दांडा ओढायचा, असे सतरा दिवस. ओबेडही आता साठीला आलाय. जाइल्सला जाऊन दोन वर्षं झाली, तरी छापखान्यात काही अडलं की माझी मान त्याच्या स्टुलाकडे वळते. नवरा मेला हे मानेला कुणी सांगायचं?

१४ फेब्रुवारी

हातून काय झालंय ते आज कळलं.

एक प्रत ठेवून घेतली होती, माझ्या हातच्या दुरुस्त्या असलेली. ती उघडली तर पहिल्याच पानावर जाइल्सचा ‘टी’! नासपतीच्या लाकडात त्यानं कोरलेला मोठा ठसा — वेलीवर बसलेली दोन पाखरं. एकदा फरशीवर आपटला, तेव्हापासून डावीकडच्या पाखराला डोकं नाही. अख्ख्या लंडनात असं पाखरू दुसरं नसेल.

खिळे मुद्दाम जुने वापरले, कागद बदलला, गावाचं नाव खोटं घातलं. आणि मग रोजच्या सवयीनं पहिल्या पानावर हा ठसा बसवून मोकळी! चौदा वर्षं माझे हात तेच करत आलेत. मला विचारतात कुठे?

ओबेड म्हणाला, ठसा जाळा. मी म्हटलं, उद्या.

१५ फेब्रुवारी

जाळला नाही.

१९ फेब्रुवारी

बार्नबी स्केग आला होता. शेजारचा छापखाना त्याचा. जाइल्सबरोबर एकाच उस्तादाकडे उमेदवारी केलेला, म्हणून मला वहिनी म्हणतो आणि त्या नात्यावर वाट्टेल ते बोलतो. बिशपांची प्रवचनं हाच छापतो. चर्चमध्ये सांगतील तिथं गुडघे टेकतो. माझ्या चुलीवर मटण शिजत होतं; आमच्या पंथात ईस्टरआधीचे उपास पाळत नाहीत.

“उपासाच्या दिवसांत मटण, वहिनी? तुमच्या त्या लांब तोंडाच्या मंडळींत देव कधी हसतो तरी का?”

मी म्हटलं, तुमच्याकडच्या हेरिंग माशांच्या वासाला कंटाळून तो हल्ली आमच्याकडेच असतो. त्यावर पोट धरून हसला. मग मेजावरचा ‘टी’ त्याला दिसला. तो उचलून बराच वेळ बघत राहिला. हसणं थांबलं होतं.

“हे फुटकं लाकूड कशाला सांभाळताय? चुलीत घाला.”

मला असा राग आला! म्हटलं, जाइल्सनं कोरलंय ते. माहीत आहे म्हणाला, आणि टोपी घालून निघून गेला. माणसाला काही भावना?

२३ फेब्रुवारी

झडतीवाले फिरताहेत. नदीकाठचे दोन छापखाने झाले. हातात आमच्या चोपड्याचं पहिलं पान, आणि प्रत्येक दुकानातले ठसे त्याच्याशी ताडून बघतात. गेल्या उन्हाळ्यात असल्याच लिखाणापायी तिघांना भर चौकात खोड्यात उभं केलं होतं. कान कापताना मी गर्दीत होते. त्यानंतर कित्येक दिवस केस विंचरताना माझा हात कानापाशी थांबायचा.

दुपारी बार्नबी पुन्हा आला. कुणा बड्या व्यापाऱ्याची बायको वारली, तिच्या मयतावरचं प्रवचन छापतोय. म्हणाला, पहिलं अक्षर ‘टी’ आहे, माझ्याकडे बरा ठसा नाही, तुमचा उसना द्याल का? आमच्या धंद्यात असे ठसे इकडून तिकडे जातच असतात.

दिला.

खरं लिहायचं तर, माझ्या घरातून तो बाहेर पडला तेव्हा हायसं वाटलं. बिशपांच्या छापणाऱ्यावर कोण संशय घेणार, असं मनाला समजावलं. पण त्याला एका शब्दानं सावध करायला हवं होतं. जीभ रेटली नाही. फार दमले आहे.

२४ फेब्रुवारी

सकाळी झडतीवाले आधी त्याच्याकडे गेले. बार्नबीला घेऊन गेले.

त्याची बायको जॉयस दारात येऊन रडली. ठसा सापडला तो चुलीपाशी, काटक्यांच्या टोपलीत! कुणाचा म्हणून विचारलं तर हा गप्प. जॉयसलाही ठाऊक नाही तो माझा आहे हे. मी तिला पाठीवर थोपटलं. थोपटलं फक्त.

मागून नेलेली वस्तू काटक्यांत फेकून देतो? जाइल्सच्या हातचं काम! असं म्हणून रागावून बघितलं. राग फार वेळ टिकला नाही.

२७ फेब्रुवारी

बार्नबी आज माझं नाव सांगेल, उद्या सांगेल. दारावर थाप पडली की उठून उभी राहते. दूधवाली असते.

२ मार्च

ओबेडला म्हटलं, मी जाऊन कबूल करते. तो खिळ्यांना शाई लावायचे कातडी गोळे घासत होता, घासतच राहिला.

“मालकीणबाई, तुम्ही गेलात म्हणून ते त्याला सोडतील कशावरून? तुमचे कान जातील, यंत्र फोडतील, आणि मला विचारतील दांडा कुणी ओढला.”

बरोबर बोलतो. मला तो बरोबरच हवा होता.

त्या चोपड्यात एक वाक्य आहे, मीच जुळवलेलं: सत्य जाणूनही जो गप्प बसतो, तो खोट्याच्या पंगतीला बसतो. जुळवताना किती आवडलं होतं! तेव्हा फक्त खिळे सरळ आहेत ना, एवढंच बघायचं होतं.

६ मार्च

निकाल लागला. शुक्रवारी, चौकात. दोन्ही कान.

अजूनही त्यानं नाव घेतलेलं नाही. का घेत नाही? घे की बाबा! मला सोडव यातून.

८ मार्च, गुरुवार

जॉयसकडे सूप घेऊन गेले होते. फळीवर ते मयताचं प्रवचन होतं. सहज उघडलं. पहिलं अक्षर ‘टी’ नाहीच. आणि जॉयस म्हणाली, हे तर वीस तारखेलाच वाटून झालं, दफनाच्या वेळी.

ठसा मागायला तो आला तेवीसला.

म्हणजे चोपडं, आणि त्यातलं हे पाखरू, त्यानं आधीच पाहिलं होतं. मी जाळत नाही म्हणून स्वतः जाळायला नेला — आणि ज्या चोपड्यानं त्याच्या बिशपांना शिव्या घातल्या, त्याच्याच पायी आता कान गमावणार.

ओबेडला दुपारच्या नावेनं त्याच्या बहिणीकडे पाठवते आहे. ही वही त्याच्या गाठोड्यात घालते. माझ्या हातच्या दुरुस्त्या असलेली प्रत मी बरोबर घेतली आहे. ती बघितल्यावर निकाल देणाऱ्यांना माझ्या शब्दाची गरज पडणार नाही. आज स्टुलाकडे मान वळली नाही. निघते.