मुदतीनंतर स्वीकारू नये

३ मार्च, सोमवार
प्राचार्यांनी मीटिंगमध्ये विचारलं, यंदा अंतर्गत गुणांच्या असाइनमेंट पोर्टलवर कोण घेईल? सगळे टेबलाखाली काहीतरी शोधू लागले. मी हात वर केला. इतर कुणाला जमणारही नाही. शिवाय मी तासिका तत्त्वावरचा माणूस. दर वर्षी नवा अर्ज, नवी मुलाखत. संस्थेच्या सचिवांच्या कानावर नाव गेलं की यंदाची पूर्णवेळ जागा आपलीच. बोरगाव मेघेला घरी येऊन पद्माला सांगितलं. ती म्हणाली, पयले मोबाइलवरून गॅस तं बुक करून दाखवा. बायकोनं असं बोलू नये.

५ मार्च
पोर्टलवर वर्ग तयार. विषय: 'माझ्या गावचा आठवडी बाजार'. वाणिज्यच्या पोरांना हातचा मळ. मुदत १६ तारीख, सायंकाळी पाच.

८ मार्च
पोरं जॉइन झाली, पण स्वतःच्या नावानं नाही. घरात फोन एक, त्यावरचा ईमेल बापाचा, नाही तर दुकानाचा. यादीत 'पप्पा', 'न्यू फोन', 'माउली कृषी केंद्र', 'श्रीकृपा ट्रेडर्स'. वर्ग आहे की बाजारपेठ? नावं बदला म्हणून नोटीस टाकली. 'पप्पा'नं हात जोडल्याचं चित्र पाठवलं. नाव तेच.

१७ मार्च
निम्म्या असाइनमेंट उशिरा. आष्टीकडच्या तर बहुतेक सगळ्याच. कारणं ठरलेली. तत्त्व म्हणजे तत्त्व. उशिरा आलेल्या सगळ्यांना शून्य. खाली एकच शेरा, कॉपी करून चिकटवला: 'नेटचं कारण सांगू नये. ज्याला काम करायचं असतं, तो वेळेत करतो. आपण आयुष्यात काय दिवे लावणार ते दिसतंच आहे.' पुन्हा पुन्हा वाचला. फार जमून आला आहे.

२४ मार्च, दुपारी
आठवडाभर पोरांचं एकच, गुण दिसत नाहीत. रिफ्रेश करा म्हटलं. तरी तेच. आज रुचिका मॅडम येऊन सांगून गेल्या. त्याही वाणिज्यच्याच, तासिकेवरच्याच, त्याच जागेवर डोळा. म्हणाल्या, सर, गुण ड्राफ्टमध्ये आहेत, 'रिटर्न' दाबल्याशिवाय पोरांपर्यंत जात नाहीत. मला माहीत होतंच. दाबलं. ड्राफ्ट म्हणजे ते फक्त आपल्याला दिसतं, जगाला नाही. जन्मात विसरणार नाही.

२४ मार्च, सायंकाळी
घात झाला. आत्ता कळलं, 'श्रीकृपा ट्रेडर्स' ही सिंदीतली कापसाची पेढी आपल्या सचिवांची, प्रभाकररावांची. माझ्या वर्गातली आचल त्यांची मुलगी. शून्य आणि दिवे, दोन्ही थेट सचिवांच्या फोनवर गेले. ताबडतोब शून्याचे अठरा करून रिटर्न दाबलं. त्यांना नोटिफिकेशन. शेरा पुसून 'छान प्रयत्न' लिहिलं. पुन्हा नोटिफिकेशन. घाबरून परत शून्य केलं. तिसरं नोटिफिकेशन. लॅपटॉप मिटवला. जेवण गेलं नाही.

२६ मार्च
प्राचार्यांनी बोलावलं. प्रभाकररावांचा निरोप होता: पोरीले उशीर झाला तं शून्यच राहू द्या. असाच कडक माणूस पायजे कॉलेजले. मी पहिल्यापासून म्हणत होतो, तत्त्वाला मान असतो.
जिन्यात आचल भेटली. डोळे सुजलेले. म्हणाली, फोन बाबासंगं बाजारात राह्यते सर, सातले घरी येते. अंतर्गत शून्य असलं तं पेपरले बसू देत नाई म्हणे. वाईट वाटलं. खरंच वाटलं. पण आता शून्य काढलं तर कडक माणूस कोण राहणार? मुलाखत झाली की बघू.

२८ मार्च
प्राचार्यांना सुचवलं, पूर्णवेळ जागेचे अर्जही पोर्टलवरच घ्या. खूश झाले. सगळं सेटिंग मीच केलं. 'मुदतीनंतर स्वीकारू नये' असं एक बटण सापडलं. इतके दिवस कुठे होतं कोण जाणे. दाबलं. एकदा मुदत गेली की खुद्द प्राचार्यांनाही उघडता येणार नाही.

३० मार्च, पाडवा
पद्मानं मुलाखतीसाठी शर्ट आणला. आकाशी. पर्मनंट माणसाला शोभेल असा.

४ एप्रिल
अर्ज भरला. सगळी प्रमाणपत्रं जोडली. 'सेव्ह झाले' असं स्पष्ट आलं. पद्मानं विचारलं, पाठवला ना? म्हटलं, सिस्टीम लावली कुणी? रुचिका मॅडमचा अर्ज नेटमुळे रखडला आहे म्हणे. बिचाऱ्या. उद्या शेवटचा दिवस.

८ एप्रिल, मंगळवार
आकाशी शर्ट घालून गेलो. मुलाखतीच्या यादीत एकच नाव, रुचिका मॅडमचं. प्राचार्यांनी स्क्रीन माझ्याकडे फिरवली. माझ्या अर्जापुढे 'ड्राफ्ट'. म्हटलं, एक मिनिट द्या, आत्ता पाठवतो. बटण दबेना. ते मीच बंद केलेलं. मग म्हणून गेलो की बोरगावला नेट फार जातं.
मुलाखत घ्यायला आलेले प्रभाकरराव आवाज न चढवता बोलले. "सर, नेटचं कारण नका सांगू. ज्याले काम करायचं असते, तो टायमात करते. मले पाठ होऊन गेलं तुमचं."
दिव्यांचं त्यांनी काढलं नाही. माणूस सज्जन आहे. मला रडू येत होतं.

सायंकाळी
पद्माला अजून सांगितलेलं नाही. शर्ट घडी करून ठेवला. उद्या अंतर्गत गुण विद्यापीठाला जाणार, म्हणून आधी पोर्टल उघडलं. निदान पोरांचं वर्ष माझ्यापायी वाया जाऊ नये. उशिरा आलेल्यांचे सगळे शून्य काढले, प्रत्येकाची असाइनमेंट नीट वाचून गुण भरले. आचलला अठरा. मनापासून लिहिलं होतं पोरीनं.
'सेव्ह झाले' असं आलं. लॅपटॉप मिटवला. आज एक तरी काम पूर्ण झालं.