कुरतडणं

सोम. ४ ऑगस्ट
नववीचा इंग्रजीचा तास. धड्यात ओढ्याकाठची माती वाहून जाते, तिथे 'इरोड' (erode) शब्द. नेहमीप्रमाणे सांगितलं, यात 'रोड' लपलाय, पाऊस रस्ता खातो, त्यावरून शब्द आला. वीस वर्षं हेच सांगतोय, पोरांच्या लक्षात राहतं. अस्मिता उभी राहिली. "सर, ते लॅटिनमधून आलंय. कुरतडणं. उंदराला रोडंट म्हणतात ना, ते पण त्यातलंच."
मी खडू पुढे केला. "या मॅडम, तुम्हीच शिकवा. मी बसतो तुमच्या जागी." वर्ग हसला. ती खडू हातात घेऊन फळ्यापाशी उभी. मी मुद्दाम थोडा वेळ तशीच उभी ठेवली. मग, "बस खाली."
मधल्या सुट्टीपर्यंत बरं वाटत होतं. हे लिहून ठेवतो.

मंगळ. ५
ग्रंथालयातली मोठी डिक्शनरी काढली. पोरगी बरोबर. मूळ अर्थ कुरतडून नेणं. पाणी माती नेतं, ॲसिड धातू खातं, माणसाचा विश्वास किंवा अधिकार हळूहळू कमी होतो, तिथेही हाच शब्द. रस्त्याचा काही संबंध नाही. कोणी पाहिलं तर नाही ना, म्हणून आधी दाराकडे बघितलं. मग पुस्तक मिटलं.
उद्या वर्गात सांगायचं.

बुध. ६
नाही सांगितलं. वेळ नव्हता.
वेळ होता.

शुक्र. ८
पंधरा ऑगस्टचं इंग्रजी भाषण अस्मिता करणार होती. आज म्हणाली, "सर, माझं नाव काढा. घसा बसलाय." आवाज स्वच्छ होता. मी काढलं. श्रावणीचं घातलं.

सोम. ११
तिचे वडील शाळेत आले. बोरीच्या रस्त्याला मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे त्यांचं. आमच्या विहिरीची जळालेली मोटार दोनदा त्यांनीच नवी तार भरून दिली. हात जोडून उभे. "सर, पोरगी तुमाला उलट बोलली म्हणं. शेजारची पोरं सांगत व्हती. आज्याची डिक्शनरी घिऊन बसती, अन् मग आगाऊपणा करती. मनावर घेऊ नका. इंग्लिश तेवढं चांगलं करा तिचं."
बसा म्हणालो नाही. म्हणालो, "असू द्या. मुलं आहेत."
म्हणजे माफ केलं! मी!
घरी बायकोला, सुनंदाला, सगळं सांगितलं. ती भाजी निवडत होती. म्हणाली, "अन् त्यांची माफी तुम्ही ऐकून घेतलीत?"

बुध. १३
आज वर्गात सांगितलं. "मी चुकीचं शिकवलं. अस्मिताचं बरोबर होतं. मी तिची चेष्टा केली, ते तर त्याहून वाईट." कोणी हसलं नाही. मागून एकजण, "सर, मग आधीच्या बॅचच्या पोरांना कोण सांगणार?"
तास संपल्यावर तिला थांबवलं. भाषण करशील का, विचारलं. "श्रावणीनं पाठ केलंय सर आता. तिचं काढू नका." बरोबर बोलली. माझ्याकडे बघून नाही बोलली.

गुरु. १४
शाळा सुटल्यावर त्यांच्या दुकानात गेलो. फडक्यानं स्टूल पुसून दिलं. चहा सांगितला. मी म्हणालो, "सोमवारी माफी तुम्ही मागितली. मागायला हवी होती मी. चूक माझी होती, तिची नाही."
तांब्याची तार गुंडाळता गुंडाळता हात थांबले. "म्हंजी ती खरं बोलत व्हती?"
"हो."
"मी तिला लई बोललो, सर. त्या रात्री. आज्याची डिक्शनरी उचलून माळ्यावर टाकली." मग, "तवापासून बोलत न्हाई ती माझ्याशी."
त्यांनी तार खाली ठेवली, चपला घातल्या. "बसा तुमी. चा येतुय." दुकान उघडंच टाकून घराकडे गेले. भराभर.
दोन कप चहा आला. एक शेतकरी जळकी मोटार घेऊन टेम्पोतून उतरला, कधी येतील म्हणाला. येतील, म्हटलं. मला तरी कुठे ठाऊक होतं.