इसोहामा वाटेतच लागतं

४ ऑक्टोबर, शुक्रवार

या गावातलं माझं हे चौथं वर्ष. मार्चमध्ये करार संपतो. वेल्सहून निघताना आईला सांगून आलो होतो, अख्खा जपान पालथा घालून येईन. आजवर पाहिलेला जपान : शाळा, शाळेमागचा डोंगर, तालुक्याचा मॉल. हे काही शोभत नाही.

म्हणून आज भिंतीवर नकाशा लावला. एकूण सत्तेचाळीस प्रांत. दर शनिवार-रविवार एक सहल. जाऊन आलो की प्रांत लाल पेन्सिलीने रंगवायचा. मार्चपर्यंत वीकेंड चोवीस. बहुतेक प्रांत जोडीने उरकावे लागतील.

स्टाफरूममध्ये जाहीर केलं. उद्या हिरोशिमा. उपमुख्याध्यापिका वाकात्सुकी बाई म्हणाल्या, अरे वा. गणिताचे नागामी सर काही म्हणाले नाहीत. ते एरवीही म्हणत नाहीत.

संध्याकाळी शेजारच्या फुसाए आजी फाटकाशी आल्या. वय चौऱ्याऐंशी. धाकटी बहीण तोमी इसोहामाला वृद्धाश्रमात असते. हल्ली विसरायला लागली आहे. तिथल्या नर्सने फोन करून सांगितलं, अजून तुम्हाला ओळखतात, यायचं तर बर्फ पडायच्या आत येऊन जा. शनिवार-रविवारची बस एप्रिलपासून बंद. इतर दिवशी तीन बस बदलाव्या लागतात आणि आजींचा गुडघा धड नाही. म्हणाल्या, मास्तर, तुमची गाडी कधी तिकडे जाणार असेल तर मागच्या सीटवर मला टाका. मी म्हणालो, त्यात काय, शनिवारी जाऊ. दीड तासाचा रस्ता. ही काही सहल नाही, पण माणुसकी म्हणून करू.

आणखी एक संकल्प : बर्फात न घसरणारे हिवाळी टायर यंदा नोव्हेंबरातच बसवायचे.

५ ऑक्टोबर, शनिवार, सकाळी ११.४०

हिरोशिमाला जायचं तर पहिली गाडी ६.५२ची. दुसरी २.१५ची. दुसरीने जाऊन काही दिसत नाही. आजचा दिवस तयारीचा. हिरोशिमा फिकट रंगवून ठेवलं. रंगवलं म्हणजे जाणं आलंच.

७ ऑक्टोबर, सोमवार

वाकात्सुकी बाईंनी विचारलं, कसं होतं हिरोशिमा? म्हणालो, चांगलं आहे. यात खोटं काय? चांगलंच आहे.

पण सगळ्यांची नजर चहाच्या टेबलाच्या कोपऱ्याकडे. तिथे गावाला जाऊन आलेल्याने खाऊचा डबा ठेवायचा असतो. बाईंनी तो रिकामा कोपरा फडक्याने पुसला. मग पुन्हा पुसला. चार वर्षांत ही गोष्ट माझ्या लक्षात राहायला हवी होती.

१५ ऑक्टोबर, मंगळवार

तीन दिवसांची सुट्टी होती. तोत्तोरीच्या वाळूच्या टेकड्या ठरल्या होत्या. शनिवारी डोकं दुखलं. रविवारी मोजे संपले म्हणून मॉलमध्ये गेलो, तर तिथे देशभरातल्या खाऊचा मेळा. सत्तेचाळीस प्रांत, सत्तेचाळीस टेबलं. तोत्तोरीचा डबा समोरच. वाळूच्या टेकडीच्या आकाराची बिस्किटं, बारा नग. शाळेत माझ्यासकट आम्ही अकरा. एवढा जुळून आलेला हिशोब सोडायचा कसा? घेतला. खरंच तिथे गेलो असतो तरी हाच डबा आणला असता, फक्त पेट्रोल जास्त लागलं असतं.

आज कोपऱ्यात ठेवला. सगळे खूश. नागामी सरांनी डबा उलटा केला, चष्मा कपाळावर चढवला, मागचं लेबल सावकाश वाचलं. मग विचारलं, वारा होता का? म्हणालो, भरपूर. ते बिस्किट खात खिडकीशी गेले.

बारावं बिस्किट आजींना दिलं. दोन्ही हातांनी घेतलं. मग म्हणाल्या, तोत्तोरी म्हणजे समुद्राकडच्या रस्त्याने गेला असाल. म्हणजे इसोहामा वाटेतच लागलं. मी म्हणालो, हो, लागलं. समुद्र कसा होता? म्हणालो, शांत. आजी म्हणाल्या, बरं झालं, समुद्र शांत असला की तोमीची खुर्ची खिडकीत ठेवतात. आणि आत गेल्या.

जरा वाईट वाटलं. पण नीट विचार केला. मी तिकडून गेलोच नव्हतो, त्यामुळे त्यांना सोडून गेलो असं होतच नाही.

२६ ऑक्टोबर, शनिवार, सकाळी १०

पडदा उघडला तर आजी त्यांच्या पायरीवर. करडा कोट, बाहेर जायचे बूट, मांडीवर फडक्यात बांधलेलं गाठोडं. किती वेळ बसल्या होत्या कोण जाणे. मी शनिवारी म्हणालो होतो, हे कबूल. कुठल्या शनिवारी ते म्हणालो नव्हतो.

आज खरं तर क्योतो. बाहेर जाऊन सांगितलं, गाडी आवाज करते आहे. आजी म्हणाल्या, मग नकोच, गाडीची तब्येत आधी. कोटाची बटणं तिथेच सोडायला लागल्या.

दुपारी ४

क्योतो रद्द. गाडी बिघडली म्हटल्यावर ती फाटकातून बाहेर काढणार कशी? दिवसभर घरात. शिंकलोसुद्धा उशीत.

५ नोव्हेंबर, मंगळवार

आजींच्या अंगणात पर्सिमन सोलायचं काम. सोललेली केशरी फळं दोरीला ओवून वळचणीला टांगतात, चार-पाच आठवड्यांत वाळून गोड होतात. पंधरा मिनिटं मदत केली. चार फळं पाडली.

आजी सोलता सोलता बोलत होत्या. तोमीला ही फार आवडतात. लहानपणी रात्रीतून दोरीवरची खायची आणि माकडांवर ढकलायची. आई माकडांना शिव्या द्यायची, तोमीही द्यायची. हे सांगून एकट्याच हसल्या. मग म्हणाल्या, परवा फोनवर आधी विचारलं, कोण बोलतंय. थोड्या वेळाने म्हणाली, ताई होय.

मी म्हणालो, पुढच्या शनिवारी नक्की. त्यांनी नुसतं हं केलं. त्या हं मधला विश्वास पाहून मला भरून आलं.

१८ नोव्हेंबर, सोमवार

पुढचा शनिवार झाला. शाळेचा समारंभ होता, शुक्रवारी. त्याचा थकवा. आजींनीही काही विचारलं नाही, त्या अर्थी त्यांनाही सोयीचं नसावं.

क्योतोचा डबा कोपऱ्यात ठेवला. दालचिनीच्या पातळ वड्या. वाकात्सुकी बाई म्हणाल्या, मास्तर, तुम्ही फार फिरता हो, दमत नाही का? नागामी सरांनी लेबल वाचलं आणि मॉलमधला खाऊमेळा या महिनाअखेर संपतोय, असं सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. मध्येच हा विषय का काढला, कळलं नाही.

नकाशावर अकरा प्रांत लाल. लांबून बघितलं तर छान दिसतो. आईला फोटो पाठवला.

टायर : गॅरेजवाल्याकडे रांग आहे म्हणतात. विचारलं नाही, पण असणारच.

७ डिसेंबर, शनिवार

आज आजी फाटकाशी नाही, थेट दारात आल्या. आत या म्हटलं तर आल्या नाहीत. म्हणाल्या, मास्तर, मला पुन्हा पुन्हा विचारायला आवडत नाही, म्हणून एकदाच विचारते. नर्स म्हणते, चांगला दिवस असला तर तोमी आवाजावरून ओळखते. चांगले दिवस कमी होत चाललेत. पर्सिमन तयार आहेत. पुढच्या शनिवारी मला नेऊन सोडाल का? थांबू नका. परतीचं माझं मी बघेन.

भिंतीवरचा नकाशा माझ्या मागे होता. त्या त्याच्याकडे बघत होत्या. मी म्हणालो, शब्द देतो.

मनापासून म्हणालो. हे इथे लिहून ठेवतो, कारण आज मला स्वतःची थोडी भीती वाटली.

१३ डिसेंबर, शुक्रवार

स्टाफरूममध्ये सांगितलं, उद्या फुसाए आजींना इसोहामाला नेतोय. वाकात्सुकी बाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, हे फार चांगलं करताय. माझ्या कुठल्याही सहलीला त्यांनी पेन ठेवलं नव्हतं.

नागामी सरांनी विचारलं, टायर बदललेत ना? म्हणालो, सगळी व्यवस्था झाली आहे. थोड्या वेळाने पाहिलं तर माझ्या टेबलावर एक चिठ्ठी. गॅरेजचा नंबर, खाली लिहिलेलं, सहापर्यंत उघडं असतं. भला माणूस, पण काळजी फार करतो. सहाला मी गाडी आतून पुसत होतो. आजींची सीट स्वच्छ हवी. बर्फ जानेवारीत पडतो.

१४ डिसेंबर, शनिवार, सकाळी ६.१०

गजराशिवाय उठलो. चार वर्षांत पहिल्यांदा.

बाहेर वीतभर बर्फ.

सकाळी ९

आजी तयार होत्या. करडा कोट, गाठोडं. मी म्हणालो, हळू चालवतो. त्या मागे बसल्या आणि गाठोडं पोटाशी धरलं. देवळापर्यंत ठीक. देवळापुढच्या वळणावर गाडी वळली नाही. मी वळवली होती, ती वळली नाही. डावं चाक रस्त्याकडेच्या गटारात.

आजींना लागलं नाही. हे आधी लिहायला हवं होतं.

त्या खाली उतरल्या. वाकून टायरकडे बघितलं. या गावात जन्मलेल्या माणसाला टायर कुठला ते सांगावं लागत नाही. मला वाटलं, आता बोलतील. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. हातातलं गाठोडं सरळ केलं आणि परत चालायला लागल्या. मी गाठोडं मागितलं, दिलं नाही. दोनशे पावलं त्या पुढे, मी मागे. गुडघा दुखत होता ते मागून दिसत होतं.

टायर शेडमध्ये आहेत. ऑक्टोबरपासून पुढ्यात काढून ठेवले आहेत.

१६ डिसेंबर, सोमवार

बाईंनी विचारलं, भेट झाली का? म्हणालो, रस्ता खराब होता. कोपरा रिकामा. आज त्यांनी तो पुसला नाही.

आजींचं दार बंद. हाका मारल्या. फाटकापासून बसथांब्याकडे जाणारी पावलं, एका बाजूला काठीची भोकं. तीन बस. पहिली सहाची.

१७ डिसेंबर, मंगळवार, संध्याकाळ

आजी आल्या. त्याच कोटात. रात्री तिथेच आश्रमाच्या पाहुण्यांच्या खोलीत राहिल्या म्हणे. मी काही विचारायच्या आत त्यांनीच सांगितलं, हवापाण्याचं सांगावं तसं.

तोमीने ओळखलं नाही. आवाजावरूनही नाही. नर्सबाई समजून अहो-जाहो करत होती. पण पर्सिमन हातात दिलं तर वास घेतला आणि म्हणाली, माझी ताई अशीच वाळवते. तिला सांगू नका हं, मी आधी खाल्लं ते. ती येणार आहे आज. सारखं दाराकडे बघायला लागली. म्हणून मी फार वेळ बसले नाही, आजी म्हणाल्या. मी समोर बसले की तिला दार दिसत नव्हतं.

मला बोलायचं होतं. मी म्हणालो, ऑक्टोबरमध्ये. त्या म्हणाल्या, हो, ऑक्टोबरमध्ये ओळखत होती.

मग पिशवीतून कागदात बांधलेला डबा काढून माझ्या हातात दिला. म्हणाल्या, तुम्ही शाळेत इसोहामाला जातो म्हणून सांगितलं होतं ना, वाट बघत असतील बिचारे. बारा आहेत. तुम्हाला बाराच लागतात.

म्हणजे मी कुठेच जात नाही, हे त्यांना माहीत होतं. कधीपासून, ते विचारायची हिंमत झाली नाही.

१८ डिसेंबर, बुधवार

डबा कोपऱ्यात ठेवला. समुद्री शेवाळ घातलेल्या तांदळाच्या चकत्या. नागामी सरांनी सवयीने उलटा केला, लेबल वाचलं, परत वाचलं. म्हणाले, हा खरंच इसोहामाचा आहे. मी म्हणालो, आजींनी आणला. मी गेलो नव्हतो. तोत्तोरीलाही नाही. क्योतोलाही नाही. सर म्हणाले, ते असू दे, बहिणीने ओळखलं का? म्हणालो, नाही. अकरा जणांनी एकेक चकती घेतली. मी माझी तशीच खिशात ठेवली.

बारावी उरली. दर वेळी ती मी आजींना देतो. सवयीने घेऊन गेलो आणि फाटकाशी गेल्यावर लक्षात आलं, हा त्यांचाच खाऊ. तरी पुढे केला. त्या बर्फ बाजूला लोटत होत्या. फावडं टेकून म्हणाल्या, मी जाऊन आले ना. खाऊ न गेलेल्याने खायचा असतो, मास्तर. तुम्ही खा.

त्यांच्यासमोर उभा राहून दोन्ही खाल्ल्या. मग त्यांच्या हातातून फावडं मागितलं. आज त्यांनी ते दिलं.