निकेतची गुजराती साक्ष

हाटकेश, मिरा रोड
सोमवार, १० नोव्हेंबर २०२५

ती. आत्मारामकाका व मिनलकाकू यांस,
सादर सलाम वि. वि.

सुखरूप पोचलो. आमची शिकवणी घेणाऱ्या सुभाष सरांनी आल्या आल्या सगळ्यांचे फोन कपाटात ठेवून कुलूप लावलं. मागच्या तुकडीतल्या एकाने म्हणे फोनलाच गुजराती बोलायला लावलं आणि स्वतः शेजारी उभा राहून नुसती मान हलवली. म्हणून हे पत्र. आपला सदू ट्रॅव्हल्सची गाडी घेऊन रोज घोडबंदरवरून जातो, त्याच्या हाती देतोय. उत्तर त्याच्याकडेच द्या, आणि त्याला चहा पाजा. नाहीतर तो पत्र वाचतो.

आठवड्याचं काम असं. सकाळी गुजरातीची शिकवणी, दुपारनंतर लोकांत फिरायचं. कोणी बोलावलं तरच घरात जायचं आणि कशासाठी आलो ते दारातच सांगायचं. शनिवारपर्यंत एका घरात, सरांसमोर, आपली साक्ष अख्खी गुजरातीत सांगायची. म्हणजे मी येशूच्या मागे का चालायला लागलो ते, पहिल्यापासून शेवटपर्यंत. जमलं तर गुजरातेत व्याऱ्याजवळच्या गावात माझी नेमणूक. नाही जमलं तर परत श्रीरामपूरच्या गोदामात पुस्तकं बांधायची. तिथे एक वर्ष काढलंय काका. उंदीर मला ओळखायला लागलेत.

अडचण एकच. इथे गुजराती माणसं भरपूर आहेत, पण गुजराती कोणी बोलू देत नाही. मी तोंड उघडलं की समोरचा माझी दया येऊन हिंदीत शिरतो. फरसाणवाले चंदनभाई तर थेट मराठीत आले. मी गुजरातीत पाव किलो गाठिया मागितले, त्यांनी मराठीत विचारलं की पाहुणे नगरकडचे का. शेजारी रत्नागिरीची माणसं आहेत, त्यांच्याशी बोलून मराठी पक्कं झालंय म्हणाले. तासभर त्यांनी माझ्यावर मराठीचा सराव केला. निघताना माझ्या मराठीतल्या दोन चुकाही सांगितल्या.

काकूंनी दिलेला चिवडा तुकडीने पहिल्याच दिवशी संपवला. माया आहेच तुमची, ती डब्यातूनही दिसू द्या.

तुमचा,
निकेत

श्रीरामपूर
मंगळवार, ११ नोव्हेंबर

चि. निकेत यास,
काकाचे अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून संताप आला. माणसं भाषा बोलू देत नाहीत, ही काय तक्रार झाली? भाषा कोणी ताटात वाढत नाही, ती ओढून घ्यावी लागते. उपदेशाच्या भर सभेत वीज गेली, भोंगा बंद पडला, तरी मी शेवटच्या रांगेपर्यंत पोचलो आहे. आणि तू गाठियांच्या दुकानात हरलास.

तुझी साक्ष मीच लिहून पाठवतो आहे. गुजराती तुझ्या सरांकडून करून घे, पण एक वाक्य कापू देऊ नकोस. तिसऱ्या परिच्छेदात तू कॉलेज सोडून भरकटला होतास तो भाग आहे. तिथे आवाज चढव. पाचव्यात एकदम थांब, ऐकणाऱ्याच्या डोळ्यांत बघ आणि मूठ आवळ. ऐकणारा हलला पाहिजे. जो बोलणारा लोकांना हलवत नाही त्याने खरोखर पुस्तकंच बांधावीत.

सदूला चहा पाजला. तरीही त्याला पत्रातलं सगळं माहीत आहे.

तुझा कळकळीचा,
आत्मारामकाका

हाटकेश
गुरुवार, १३ नोव्हेंबर

ती. काका,
सादर सलाम वि. वि.

तुमची साक्ष सरांनी वाचली. हे मैदानासाठी लिहिलंय का, असं त्यांनी विचारलं. मी हो म्हणालो. गुजराती करून दिलं आणि आता ते मला पाठ आहे. आंघोळीला गेलो की बाहेरचे लोक दार वाजवतात, आत काय झालं म्हणून.

आणि एक माणूस सापडलं. चंदनभाईंना माझी कीव आली. म्हणाले, भाऊ, तुम्हाला अशी माणसं पाहिजेत ना जी दुसरी भाषा बोलतच नाहीत, तर आमच्या बाला भेटा. बा म्हणजे त्यांची आई. सौराष्ट्रातल्या महुवाकडून इथे येऊन वीस वर्षं झाली, पण हिंदीचा एक शब्द त्यांनी घरात घेतलेला नाही.

मी दारातच सांगितलं, की मी ख्रिस्ती आहे, माझ्या देवाबद्दल सांगायला आलोय, नको असेल तर जातो. बा म्हणाल्या, सांग की, पण आधी बस, आमचे ठाकोरजी जेवताहेत. घरातली कृष्णाची मूर्ती ती. त्याचं जेवण झालं, मग त्याला पडदा ओढून निजवलं, मग माझी चौकशी. आई कुठे असते, लग्न का नाही, एवढा बारीक का. सगळं गुजरातीत, काका. निम्मं कळलं आणि निम्म्याला मी लाजलो.

मग त्यांनी विचारलं, तुमच्या देवाला सकाळी कोण उठवतं. मी म्हणालो, आमचा देव झोपतच नाही. हे मी अभिमानाने म्हणालो. बांचा चेहरा पडला. एवढ्या सगळ्यांचं बघायचं आणि डोळ्याला डोळा नाही, घरात कोणी विचारणारं नाही का त्याला, म्हणाल्या. सुनेला, रुचितावहिनींना हाक मारून त्यांनी ही बातमी सांगितली. दोघी हळहळल्या. मग बा म्हणाल्या, आज मला पुढचं ऐकवणार नाही, शनिवारी ये आणि तुझ्या सरांनाही आण.

बांना काय उत्तर द्यायचं ते लवकर कळवा. आपला लोभ राहू द्या, मला त्याची या आठवड्यात जरा जास्तच गरज आहे.

तुमचा,
निकेत

श्रीरामपूर
शुक्रवार, १४ नोव्हेंबर

चि. निकेत यास,
अनेक आशीर्वाद.

बाईंच्या प्रश्नाला मी तीन उत्तरं लिहिली आणि तिन्ही फाडली. चाळीस वर्षं नास्तिकांशी वाद घातले, पण देवाची काळजी करणाऱ्या माणसाशी कसं भांडायचं ते मला माहीत नाही. तू वादात पडू नकोस. थेट साक्ष सुरू कर. तिसरा परिच्छेद विसरू नकोस.

तुझी काकू म्हणते, मूठ आवळू नकोस, कोणाच्या घरात बसला आहेस ते बघ. तिचं ऐकू नकोस.

तुझा,
आत्मारामकाका

हाटकेश
शनिवार, १५ नोव्हेंबर, संध्याकाळ

ती. काका व काकू,
सादर सलाम वि. वि.

वाईट वाटून घेऊ नका. पहिल्या परिच्छेदात बांनी मान हलवली. दुसऱ्यात डोळे मिटले. मला वाटलं, भिडतंय. तिसऱ्यात तुम्ही सांगितलं तसा आवाज चढवणार, तेवढ्यात बा घोरायला लागल्या.

मी थांबलो. बांनी चटकन डोळे उघडले आणि पुढे, असं खुणावलं. मी बोलायला लागलो की परत घोरणं, थांबलो की परत जाग. तेवढ्यात रुचितावहिनी स्वयंपाकघराच्या दारातून हात जोडून मला खुणा करायला लागल्या. हळू आवाजात त्यांनी सरांना सांगितलं, की दिवाळीच्या आधी बांचे भाऊ गेले, तेव्हापासून त्या नीट झोपलेल्याच नाहीत. गोळ्या झाल्या, काढे झाले. थांबू नका म्हणाल्या, पाया पडते.

मग काय करणार. तिसरा परिच्छेद मी कुजबुजत सांगितला. मूठ मांडीखाली ठेवली. पाचव्यात एकदम थांबायचं होतं, तिथे तर मी श्वासही घेतला नाही. साक्ष संपली, बा झोपलेल्या. पुन्हा पहिल्यापासून सांगितली. ती दुसऱ्यांदा संपल्यावर माझ्याकडचं गुजराती संपलं, म्हणून शिकवणीचे धडे सुरू केले. भेंडी काय भाव, बस कुठे थांबते, माझे मामा शिक्षक आहेत, आज पाऊस नाही. चंदनभाई दुकानातून जेवायला आले, तेही चपला हातात घेऊन भिंतीला टेकून बसले. कुठे अडलो की ते पुढचा शब्द ओठांनी दाखवायचे. पहिल्यांदाच त्यांनी मला गुजराती शिकवलं.

बा उठल्या तेव्हा दिवे लागले होते. ऐकता ऐकता झोप लागली म्हणून त्यांना इतकं ओशाळल्यासारखं झालं, की माझ्याकडे बघेनात. पोराने देवाचं सांगावं आणि मी घोरावं, असं पुटपुटत आत गेल्या. मी पुष्कळ समजावलं, पण माझं गुजराती तेवढं नाही.

सरांनी नेमणुकीच्या कागदावर सही केली. एवढं सलग गुजराती आजवर कुठल्याच तुकडीत कोणी बोललेलं नाही म्हणाले. साक्ष सांगायची अट होती, ती दोनदा सांगून झाली. ऐकणाऱ्याने जागं राहायची अट कुठे लिहिलेली नाही. मंगळवारी व्याऱ्याला निघतो. तोपर्यंत रोज दुपारी बांकडे यावं, असं रुचितावहिनींनी सांगितलंय. पण बा दार उघडतील की नाही याची मला धाकधूक आहे. तुम्ही रागावला असाल, तरी माया कमी करू नका.

तुमचा,
निकेत

श्रीरामपूर
रविवार, १६ नोव्हेंबर

चि. निकेत यास,
काकाचे अनेक आशीर्वाद.

नेमणूक झाली, अभिनंदन. पण रागावलो होतो, हे लपवत नाही. माझ्या तिसऱ्या परिच्छेदावर माणसं रडली आहेत, आणि तू त्याची अंगाई केलीस. सकाळी चर्चला जाताना रागातच होतो.

मग वेदीपाशी उभं राहून समोर बघितलं. चाळीस वर्षं मी लोकांना जागं करत आलो. समोर बसलेल्यांत कोणी आठवडाभर झोपलेलं नसेल, हे मला तिथून कधी दिसलं नाही, कारण मी नेहमी शेवटच्या रांगेकडे बघून बोलतो. आज मी पहिल्यांदाच उपदेश हळू आवाजात केला. लोकांना वाटलं, माझा घसा बसलाय. तिघांनी हळद-दूध सुचवलं.

बाईंकडे जा. दार उघडलं नाही, तरी बाहेर बसून भेंडीचे भाव सांग. उपदेशात कोणी झोपतं का, असं मी तुझ्या काकूला विचारलं. ती दूध बघायला आत गेली, अजून आलेली नाही.

तुझा,
आत्मारामकाका

ता. क. काका सदूसाठी चहा ठेवायला उठलेत, तेवढ्यात मी लिहून घेते. बांना माझा सलाम सांग. त्यांना म्हणावं, श्रीरामपुरात एक बाई आहे, ती लग्न झाल्यापासून दर रविवारी तिसऱ्या बाकावर, खांबाच्या आड, छान झोपते. देवाने तिला अजून काही म्हटलेलं नाही. आणि तिचा नवरा तर पाळकच आहे.

– काकू